पाय टेकत नाही म्हणून गाडी परत देऊ नका

(समुदाय रेडिओवर झालेलं बोलणं, वाचायला सोयीचं व्हावं म्हणून थोडं सावरून)

आज मोटारसायकलबद्दल बोलायचं आहे. स्कूटीबद्दल नाही, मोटारसायकलबद्दल. आता आपल्या गटांमधल्या कितीतरी जणी रोज वाडीवस्तीवर जातात. कुणी आशाताई आहे, कुणी बँकसखी आहे, कुणी पशुसखी आहे, कुणी दूध घालायला जाते. डांबरी संपतं तिथून पुढे मुरमाचा रस्ता, त्याच्यापुढे ओढा, त्याच्यापुढे नुसती पायवाट. तिथं स्कूटीची लहान चाकं खड्ड्यात बसतात आणि पोट दगडाला घासतं. म्हणून काही जणींनी धाडस करून मोठ्या चाकाची, उंच, कच्च्या रस्त्याची गाडी घेतली. कुणी एक्सपल्स, कुणी जुनी हिमालयन, कुणी घरातलीच स्प्लेंडर चालवायला सुरुवात केली.

आणि मग सगळीकडून एकच तक्रार यायला लागली. ताई, पाय टेकत नाही. गाडी थांबवली की कलंडते. एका गटाने कर्ज काढून घेतलेली गाडी दोन महिने ओसरीत उभी होती आणि शेवटी ती दिराच्या ताब्यात गेली. हप्ता बाईने भरायचा आणि गाडी दिराने फिरवायची! दुकानातही हेच ऐकवतात: "मॅडम, तुमच्या उंचीला ही गाडी नाही." असं म्हणणारा माणूस गाडीला एक पान्हासुद्धा लावून बघत नाही. गाडी कारखान्यातून निघते तेव्हा ती कुणा एका माणसासाठी बनवलेली नसते. ब्लाउज जसा शिवून झाल्यावर अंगावर घालून बघायचा असतो, टिपा सोडायच्या किंवा घालायच्या असतात, तसंच गाडीचं आहे. फरक एवढाच की गाडीच्या टिपा कुठे असतात हे आपल्याला कुणी दाखवलेलं नसतं.

आधी हे समजून घेऊ की या गाड्या उंच का असतात. खडबडीत रस्त्यावर चाकाला वर-खाली व्हायला भरपूर जागा लागते. साध्या गाडीचं मागचं चाक आठ-दहा सेंटीमीटर हलतं. एक्सपल्स २०० चं पुढचं चाक १९ सेंटीमीटर आणि मागचं १७ सेंटीमीटर हलतं. जुन्या हिमालयनचं पुढे २० आणि मागे १८. दगडावर चाक चढलं की ते एवढं वर जातं आणि गाडीचं अंग मात्र जागेवर राहतं. आता चाकाला एवढी जागा ठेवायची, शिवाय इंजिनाखाली वीत-सव्वा वीत मोकळं ठेवायचं, म्हटल्यावर सीट वर जाणारच. साधी स्कूटर ७६ सेंटीमीटरच्या आसपास असते, स्प्लेंडर साडेअठ्ठ्याहत्तर, जुनी हिमालयन ८०, एक्सपल्स साडेब्याऐंशी. शर्यतीच्या मोटोक्रॉस गाड्या तर ९५ सेंटीमीटरच्या घरात असतात आणि त्यांच्यावर बसणाऱ्या बायकाही असतात. स्पेनची लाया सान्झ २०१५ च्या डकार रॅलीत मोटारसायकलींच्या सगळ्या स्पर्धकांमध्ये, पुरुष धरून, नववी आली होती. आपल्या बंगळुरूची ऐश्वर्या पिस्से हिने २०१९ मध्ये बाहा प्रकारच्या वाळवंटी शर्यतींचा महिलांचा विश्वचषक जिंकला. या दोघींच्या गाड्या दोन्ही तळपाय सपाट टेकतील अशा नसतात. म्हणजे उंची ही अडचण आहे खरी, पण तिथे गोष्ट संपत नाही.

आता आपलं माप घेऊ. भिंतीला पाठ लावून उभं राहा, चप्पल काढून. एखादी जाड पाठ्ठ्याची वही दोन्ही पायांच्या मध्ये, अगदी वर टेकेल अशी आडवी धरा आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. हा तुमचा आतला पाय. पाच फूट उंचीच्या बाईचा तो साधारण ६८ ते ७० सेंटीमीटर भरतो. सीट साडेब्याऐंशी आणि पाय सत्तर. ऐकून वाटतं, झालं, संपलं. पण थांबा, हिशेब अजून झालेला नाही.

तुम्ही बसलात की गाडी दबते. स्प्रिंग दबते, सीटचा फोम दबतो. तुमचं वजन आणि गाडी योग्य जुळलेली असेल तर दोन्ही मिळून चार-साडेचार सेंटीमीटर तरी सीट खाली येते. म्हणजे साडेब्याऐंशीचे अठ्ठ्याहत्तर झाले. पायात जाड तळाचा, घोटा झाकणारा बूट असेल तर अडीच-तीन सेंटीमीटर तुमच्या बाजूने वाढले. म्हणजे राहिलं पाच-सहा सेंटीमीटरचं अंतर, आणि ते टाच उचलली की भरून निघायला लागतं. शिवाय कमरेचा एक भाग सीटवरून डावीकडे सरकवला तर डावा पाय नीट टेकतो. दोन्ही पाय सपाट टेकायलाच हवेत हा हट्ट आपण स्कूटीवरून घेऊन आलेलो असतो. कच्च्या रस्त्यावरच्या गाडीला एका पायाचा चवडा भक्कम टेकला की पुरतं. त्याचं तंत्र शेवटी सांगते. आधी गाडीला हात लावू.

मेकॅनिक ज्याला सॅग म्हणतात, त्याला आपण बसका म्हणू. तुम्ही बसल्यावर मागची बाजू किती दबते ते म्हणजे बसका. हे मोजायला तीन बाया, एक टेप आणि एक वही पुरते. एक बसेल, एक समोरून हँडल धरेल, एक मोजेल.

पहिलं माप चाक अधांतरी असताना घ्यायचं. मधला स्टँड असेल तर तो लावा. नसेल तर दोघींनी मागच्या कडीला धरून गाडी जरा उचला, चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल एवढी. मागच्या चाकाच्या एक्सलच्या नटापासून सरळ वर, सीटखालच्या पत्र्यावर खडूने खूण करा आणि अंतर लिहा. समजा ५८ सेंटीमीटर आलं. दुसरं माप गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी, वर कुणी नाही. मोजायच्या आधी सीट दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे अडकलेली स्प्रिंग मोकळी होते. समजा ५६ आलं. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने दोन सेंटीमीटर बसली. तिसरं माप तुम्ही वर बसून, दोन्ही पाय फूटरेस्टवर, रोज जेवढं सामान नेता तेवढं घेऊन, हेल्मेटसकट. समजा ५३ आलं. अठ्ठावन्नातून त्रेपन्न गेले, पाच सेंटीमीटर. हा तुमचा बसका.

तो किती हवा? मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश. एक्सपल्सच्या १७ सेंटीमीटरला सव्वाचार ते साडेपाच. आठ सेंटीमीटर हलणाऱ्या साध्या गाडीला दोन ते अडीच. एवढा बसका का हवा? चाकाला वर जायला जशी जागा लागते तशी खालीही लागते. खड्डा आला की चाकाने खड्ड्यात उतरून जमीन धरायला हवी. गाडी मुळात दबलेलीच नसेल तर चाक खाली उतरणार कुठून? मग ते खड्ड्यावर हवेत तरंगतं, आणि वळणावर मागचं चाक सरकतं ते त्यामुळे.

आपल्यातल्या पुष्कळ जणींचं वजन ४५ ते ५५ किलो आहे. कारखान्यातून गाडी येते ती याहून वजनदार माणूस आणि कधीतरी मागे बसणारा दुसरा माणूस धरून. म्हणजे हलक्या बाईखाली ती गाडी दबतच नाही. उंच ती उंच राहते, वर दगडासारखी कडकही लागते. मग बाई म्हणते, गाडी उंच आहे आणि पाठही दुखते. या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी पुष्कळदा एकच गोष्ट असते आणि ती फुकटात सुटू शकते.

मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली एक पायऱ्या-पायऱ्यांची चकती असते. स्प्लेंडरसारख्या गाडीला दोन्ही बाजूंना पाच-पाच पायऱ्या असतात. एक्सपल्ससारख्या गाडीला मधोमध एकच शॉकअप असतो, त्यालाही चकती असते. गाडीबरोबरच्या हत्यारांच्या पिशवीत एक आकड्यासारखा वाकडा पान्हा येतो, त्याला सी-पाना म्हणतात. पुष्कळ जणींच्या घरात तो पिशवीतून कधी बाहेरच निघालेला नसतो. त्याने चकती फिरवली की स्प्रिंग आधीपासून जास्त किंवा कमी दाबून ठेवता येते. मागे बसून सामान वाहायचं असेल तर पायरी वर. हलकी बाई एकटी असेल तर पायरी खाली, स्प्रिंग सैल. दोन शॉकअपच्या गाडीला दोन्हीकडे पायरी एकसारखीच ठेवायची, नाहीतर चिमटा पिळवटतो.

पायरी खाली नेली की दोन गोष्टी होतात. सीट एक-दीड सेंटीमीटर खाली येते आणि बसका योग्य मापात येतो. एक-दीड सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण नुसत्या अंगठ्यावर उभं राहणं आणि पूर्ण चवड्यावर उभं राहणं यात फरक तेवढाच असतो. पायरी बदलली की तिसरं माप पुन्हा घ्या आणि वहीत लिहा. बचतगटाच्या रजिस्टरला जशी तारीख घालतो तशी तारीख घाला.

इथे एक गैरसमज काढायला हवा. चकती फिरवल्याने स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही. स्प्रिंग आहे तीच राहते. बदलतं ते फक्त गाडी कुठल्या उंचीवर उभी राहते ते. म्हणून एक उलट तपासणी करायची. चकती सगळ्यात खालच्या पायरीवर नेऊनही तुमचा बसका कमीच येत असेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक आहे. चकती खाली नेऊन बसका जमला, पण गाडी रिकामी असतानाच खूप दबलेली दिसते, तरी तोच अर्थ. आणि एखादीचं वजन जास्त असेल, तिने पायरी वर नेऊन बसका जमवला आणि रिकामी गाडी अजिबात दबत नाही, अशी गोष्ट असेल तर स्प्रिंग तिला मऊ पडते. अशा वेळी वजनाप्रमाणे दुसरी स्प्रिंग घालणं हाच खरा उपाय. खर्चाचा आहे, पण सीट कापण्यापेक्षा आणि गाडी खाली पाडण्यापेक्षा शहाणपणाचा आहे.

पुढच्या बाजूचं थोडक्यात सांगते. साध्या गाड्यांच्या पुढच्या पाइपना फिरवायला काही नसतं. पण एक तपासणी सगळ्यांना करता येते. पुढच्या पाइपचा जो चकचकीत भाग वर-खाली होतो, त्याला खाली रबराच्या सीलजवळ एक दोरा किंवा केसांचा बारीक रबरबँड बांधा आणि नेहमीच्या खराब रस्त्याने फिरून या. दोरा वर सरकून जिथे थांबला तिथवर पाइप दबला होता. रोजच्या रस्त्यावर दोरा अर्ध्यापर्यंतही जात नसेल तर पुढचं तुम्हाला कडक आहे. दोरा अगदी टोकाला जाऊन भिडला आणि खड्ड्यात टक्क आवाज येत असेल तर मऊ आहे किंवा आतलं तेल संपलेलं आहे. पाइपला तेलाची ओल दिसली तर आधी सील बदला, बाकी सगळं नंतर. ते तेल ब्रेकवर उतरलं तर ब्रेक लागत नाही.

महागड्या गाड्यांना, म्हणजे एक्सपल्सच्या रॅली किंवा प्रो प्रकारच्या गाड्यांना, आणखी छोटे स्क्रू असतात. त्यांनी स्प्रिंग किती वेगाने दबेल आणि किती वेगाने परत येईल ते ठरतं. स्प्रिंग नुसती सोडून दिली तर खाटेवर उड्या मारणाऱ्या पोरासारखी उडत राहील. तिला आवरायला आत तेल असतं आणि ते तेल बारीक छिद्रातून जातं. स्क्रूने ते छिद्र लहान-मोठं होतं. कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी तो आवळत पूर्ण बंद करताना किती टिकटिक झाल्या ते मोजा, लिहा, आणि परत तेवढ्याच टिकटिक उघडा. म्हणजे चुकलं तरी मूळ जागा सापडते. मग एका वेळी एकच स्क्रू, एक-दोनच टिकटिक, आणि रस्ता तोच. सीट जोरात दाबून सोडली तर ती एकदा वर येऊन थांबायला हवी. वर येऊन पुन्हा डोलत राहिली तर परतीचा वेग जास्त आहे. अगदी आळसावून वर येत असेल तर लागोपाठच्या दगडांवर ती दर दगडाला आणखी खाली बसत जाते आणि शेवटी कडक लागते. बाकी या स्क्रूंच्या फार नादी लागू नका. बसका जमला की शंभरातलं सत्तर काम झालं, असं माझं मत आहे.

आता सीट. इथे पैसे वाया घालवणाऱ्या जणी मी जास्त पाहते. कुशनवाल्याकडे जातात, "खाली करून द्या" म्हणतात, आणि तो सगळा फोम सरसकट चार सेंटीमीटर छाटतो. आठ दिवसांनी खालचा प्लास्टिकचा तळ हाडांना टोचायला लागतो. खरं तर पाय टेकण्यात सीटच्या उंचीइतकाच रुंदीचाही भाग असतो. पाय सीटच्या कडेवरून वळसा घेऊन खाली जातो, सरळ खाली जात नाही. पाटावर मांडी फाकून बसलं की पाय तोकडे पडतात, तसं. म्हणून कुशनवाल्याला सांगायचं की टाकीजवळचा, मांड्या येतात तो पुढचा भाग दोन्ही बाजूंनी तासून अरुंद करा, कडा गोल करा, आणि वरून दीड-दोन सेंटीमीटरच काढा. काढल्यानंतर उरलेला फोम घट्ट जातीचा असावा. मागचा भाग रुंदच राहू द्या, लांब जाताना त्यावरच बसायचं असतं. शक्य असेल तर भंगारातून दुसरी सीट घेऊन तिच्यावर हे काम करा आणि मूळ सीट घरात ठेवा. गाडी विकताना ती लागते.

आणि कापण्यापूर्वी एक चाचणी करा. हिला एक पैसाही लागत नाही. गाडी भिंतीजवळ, सपाट जमिनीवर उभी करा. दोन्ही बाजूंना पायाखाली दोन सेंटीमीटर जाडीची फळी ठेवा, प्लायचा तुकडा चालेल. एकीला गाडी धरायला सांगून वर बसा आणि फळीवर पाय टेका. सीट दोन सेंटीमीटर खाली आली तर कसं वाटेल ते हेच. पुरेसं वाटलं तर दोनच कापा. आणखी एक फळी ठेवून बघा, फरक पडतो का. पुष्कळ जणींना एका फळीतच धीर येतो. आणि कुणाला तीन फळ्यांनीही पुरत नसेल तर ती गाडी तिच्यासाठी नाही हेही आधीच कळतं, कर्ज घेण्याच्या आधी. गटाने गाडी घ्यायची असेल तर दुकानातच फळ्या घेऊन जा. हसतील, हसू द्या.

काही कंपन्या बुटकी सीट स्वतःच देतात. नव्या हिमालयन ४५० ची सीट साडेब्याऐंशी आणि साडेचौऱ्याऐंशी अशा दोन उंचींवर बसवता येते. गाडी घेताना विचारायचं, कारण विचारल्याशिवाय दुकानदार सांगत नाही.

आता त्या उपायाकडे येते जो गॅरेजवाला सगळ्यात आधी सुचवतो आणि मी सगळ्यात शेवटी. गाडी खाली पाडणे. हिमालयनसारख्या काही गाड्यांच्या मागच्या शॉकअपला खाली एक जोड-पट्टी असते. ती पट्टी लांब घातली की गाडीचं मागचं अंग खाली येतं. पट्टीत थोडासा फरक आणि सीटमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट फरक, असा तो तराफ्याचा हिशेब आहे. मागचं खाली आलं म्हणून पुढचंही खाली आणावं लागतं. त्यासाठी पुढचे पाइप वरच्या पकडीत सैल करून थोडे वर सरकवतात. दोन्ही बाजूंना अगदी सारखे, पट्टीने मोजून. फक्त मागचं खाली केलं तर हँडल जड होतं आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतो. फक्त पुढचं खाली केलं तर हँडल हलकं होऊन मातीत डगमगायला लागतं. पुढचे पाइप सरकवले असतील तर एका गोष्टीची खात्री करूनच गॅरेज सोडा. पुढचा ब्रेक धरून पुढचं अंग पूर्ण दाबलं तरी टायर मडगार्डला लागता कामा नये.

हे सगळं करून काय गमावतो? इंजिनाखालची जागा. एक्सपल्सच्या इंजिनाखाली २२ सेंटीमीटर मोकळे आहेत, स्प्लेंडरच्या खाली साडेसोळा. तीन-चार सेंटीमीटर खाली पाडली की उंच गाडी घेतल्याचा अर्थच अर्धा गेला. ओढ्यातला जो गोटा कालपर्यंत खालून निघून जायचा तो आज इंजिनाला लागेल. आणखी एक गंमत अशी की साइड स्टँड आता लांब पडतो. गाडी स्टँडवर तिरकी राहायच्या ऐवजी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा वारा आला, जरा कुणाचा धक्का लागला, की पलीकडे पडते. मग स्टँड कापून पुन्हा जोडून घ्यावा लागतो. गाडीच्या सांगाड्याला मात्र कापू किंवा वेल्डिंग करू देऊ नका. नोंदणीच्या कागदावर लिहिलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला निमित्त मिळतं. अपंगत्व असलेल्या बहिणीसाठी गाडी बदलून घेण्याची वेगळी रीतसर वाट आहे, त्यासाठी आरटीओत अर्ज करावा लागतो.

सीट आणि स्प्रिंग झाली, हातांचं राहिलं. आपले पंजे लहान असतात. क्लचचा लिव्हर बोटांच्या टोकांनी ओढावा लागत असेल तर दहा मिनिटांत मनगट भरून येतं आणि चढावर नेमका क्लच सुटतो. लिव्हर हँडलवर सैल करून थोडा खाली फिरवता येतो. बसल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत हात एका सरळ रेषेत यायला हवा. खूप खराब रस्त्यावर फूटरेस्टवर उभं राहून गाडी चालवावी लागते, तेव्हा गुडघे जरा वाकवून टाकी गुडघ्यांनी धरायची आणि भार पायांवर ठेवायचा. तशा उभ्या अवस्थेतही लिव्हर हाताला सहज लागतो का ते बघा. क्लचची केबल कोरडी असेल तर तेल सोडा. जड क्लच म्हणजे बाईची ताकद कमी, असं नसतं. पुष्कळदा केबल गंजलेली असते.

आता थांबण्याचं तंत्र, जे शेवटी सांगते म्हटलं होतं. उंच गाडीवर बाया पडतात त्या वेगात नाही, थांबताना पडतात. कारण थांबण्याच्या क्षणाला दोन्ही पाय खाली शोधायला जातात आणि उजव्या पायाखालचा ब्रेक सुटतो. म्हणून थांबायच्या दहा-पंधरा पावलं आधीच जागा निवडा. डावा पाय जिथे पडेल तिथे जमीन थोडी उंच असावी, खड्डा नसावा, सुटे गोटे नसावेत. रस्त्याची डावी कड उंच असेल तर फारच छान. वेग कमी करा, नजर समोर ठेवा, खाली बघायचं नाही. शेवटच्या क्षणी कंबर सीटवरून डावीकडे सरकवा, डावा पाय खाली, उजवा पाय ब्रेकवरच. गाडी डावीकडे अगदी किंचित कलते आणि तुमच्या मांडीला टेकून उभी राहते. निघतानाही डाव्या पायाने ढकलत न जाता क्लच हळू सोडून गाडी चालायला लागली की कंबर परत मध्ये आणा. हे अंगणात, इंजिन बंद ठेवून, वीस-पंचवीस वेळा करा. मग मैदानात इंजिन चालू करून. चढायचं असेल तर साइड स्टँडवर गाडी भक्कम जमिनीत उभी करून डावा पाय फूटरेस्टवर देऊन घोड्यावर चढतात तसं चढा. मऊ मातीत हे करू नका, स्टँड रुततो. त्याखाली चपटा दगड ठेवला तर चालतो.

पदर, ओढणी आणि साडीचा काठ बांधूनच बसायचं. मागचं चाक आणि साखळी यांना कापडाची फार हौस असते. हेल्मेट तर हवंच.

गटाची एकच गाडी चार जणी वापरत असतील तर आणखी एक काम करा. प्रत्येकीच्या नावासमोर शॉकअपची पायरी, बसका आणि चाकातली हवा वहीत लिहून ती वही गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. पंचेचाळीस किलोच्या ताईने दुसरी पायरी लावली असेल आणि संध्याकाळी सत्तर किलोची ताई खताची गोणी मागे बांधून निघाली तर तिने चौथी पायरी करूनच निघायचं. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात चिमटा वर आपटतो. गोणी उतरली की पायरी पुन्हा खाली. दोन मिनिटांचं काम आहे, पण पान्हा मात्र गाडीतच असायला हवा, घरी फळीवर नाही. आणि काहीही बदल केल्यावर शंभर किलोमीटर झाले की सगळे नट एकदा हाताने तपासून घ्या. विशेषतः पुढच्या पाइपच्या पकडीचे आणि मागच्या एक्सलचे.